पहिला फोन पालकाला करा : पेट सिटर आणि बोर्डिंगचालकांना खुलं पत्र

प्रति,
पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक आणि इतर शहरांतले सर्व पेट सिटर, डॉग वॉकर आणि बोर्डिंगचालक

विषय : तुमच्या ताब्यातलं कुत्रं किंवा मांजर निसटलं तर काय करावं आणि काय करू नये, याबाबत.

सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की तुमच्याकडे जागा शिल्लक राहत नाही. कुणी गावी निघालेलं असतं, कुणी परदेशातल्या लेकीकडे. घरातलं कुत्रं, मांजर तुमच्या हवाली होतं. आणि नेमक्या याच आठवड्यात ‘हरवलं आहे’चे निरोप आमच्याकडे येऊ लागतात. नवी जागा, अनोळखी माणूस, पहाटेपासून फटाके, फराळाला येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे सतत उघडणारं दार आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुद्दाम उघडी ठेवलेली दारं, हे सगळं एकाच वेळी जुळून येतं. हरवलेल्या पाळीव प्राण्यांच्या शोधात मदत करणारे आम्ही काही स्वयंसेवक दिवाळीआधी हे पत्र लिहीत आहोत, ते त्यासाठीच.

जनावर निसटणं अतिशय काळजी घेणाऱ्या सिटरच्या हातूनही घडतं. हुकाची स्प्रिंग सैल पडते, घाबरलेलं कुत्रं मागे रेटा देऊन पट्ट्यातून डोकं काढतं, कुरिअरवाल्यासाठी दार वीतभर उघडलं की मांजर पायांतून सटकतं. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतरच्या तीन-चार तासांबद्दल. “आधी आपणच शोधू. तासाभरात सापडलं तर त्यांना कळवायची वेळच येणार नाही. उगाच सुट्टीत घोर कशाला लावायचा?” हा विचार माणसाच्या मनात येणं आम्ही समजू शकतो. पण सापडण्याची शक्यता ज्या गोष्टींनी सर्वांत जास्त घटते, त्यांत ही शांतता सर्वांत वर आहे.

का, ते सांगतो. कुत्रं त्या पहिल्या तासात अजून आसपासच असतं. कोणत्या हाकेला ते येतं, कशाला बिचकतं, घाबरलं की खाली घुसतं की वर चढतं, हे फक्त पालकाला माहीत असतं. त्या परिसरात पालकाची बहीण, जुना शेजारी किंवा घरकामाच्या मावशी राहत असतात, ज्यांना ते जनावर ओळखतं. त्यांचे नंबर तुमच्याकडे नसतात, पालकाकडे असतात. शिवाय बहुतेक सोसायट्यांत वॉचमनची पाळी सकाळी आणि संध्याकाळी बदलते. साडेसातला ज्याने कुत्रं गेटबाहेर जाताना पाहिलं, तो आठ वाजता डबा उचलून घरी जातो आणि नवीन आलेल्याला काहीच ठाऊक नसतं. साक्षीदार असे मिनिटामिनिटाने पांगतात.

म्हणून पहिली विनंती : जनावर नजरेआड झाल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत पालकाला फोन करा. फोनच, व्हॉट्सॲपचा मेसेज नव्हे. विमानात असतील तर दुसऱ्या नंबरावर करा. बोलताना वाक्यं अशी असू द्यात : “राणी आत्ता 6 वाजून 40 मिनिटांनी माझ्या हातून निसटली. जागा अमुक चौक, अमुक दुकानासमोर. ती अमुक दिशेला पळाली. हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) अंगावर आहे, लीश लोंबते आहे. मी इथेच उभा आहे. घरातले बाकीचे प्राणी बंद खोलीत आहेत. तिला ओळखणारं इथे जवळ कोण आहे?” यात माफी नंतर येऊ द्या. आणि एक शब्दही सौम्य करू नका. लीश, म्हणजे हातात धरायची दोरी, लोंबते आहे की नाही, यावर पुढचा शोध ठरतो : लोंबणारी लीश झुडपात, कुंपणाच्या तारेत, गाडीच्या चाकात अडकते, म्हणजे ते कुत्रं जवळच कुठेतरी अडकून गप्प बसलेलं असण्याची शक्यता बरीच असते. दार तुमच्याकडून उघडं राहिलं होतं आणि तुम्ही ‘गॅलरीतून उडी मारली असेल’ म्हणालात, तर सगळी माणसं इमारतीच्या चुकीच्या बाजूला शोधत बसतील.

आता मांजराबद्दल, कारण इथे चुका जास्त होतात. घरात राहणारं मांजर ‘नाहीसं’ झालं की आधी दार-खिडक्या बंद करा आणि घर शोधा. घाबरून दारं सताड उघडी टाकून बाहेर धावणारा सिटर आतमध्येच लपलेल्या मांजराला स्वतःच्या हाताने वाट करून देतो. दिवाणाचा कप्पा, माळा, वॉशिंग मशीनचा ड्रम, फ्रिजमागची उबदार जागा, कपाटातल्या साड्यांमागचा कोपरा, किचन ट्रॉलीच्या मागची पोकळी, सोफ्याखालचं फाटलेलं अस्तर. यातली प्रत्येक जागा हाताने आणि टॉर्चने तपासा, नुसती नजर फिरवू नका. सोफ्याच्या अस्तरात शिरलेलं मांजर बाहेरून दिसत नाही, हाताला जाणवतं.

घरात नाही याची खात्री झाली की इमारत. बाहेरची सवय नसलेलं मांजर सुटल्यावर लांब पळत सुटत नाही. पहिली आडोशाची जागा मिळते तिथे ते दबून बसतं. परदेशात हरवलेल्या 1,210 मांजरांच्या माहितीवर 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सापडलेल्या मांजरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश निसटल्या जागेपासून 500 मीटरच्या आत मिळाली होती, आणि साधारण एक तृतीयांश मांजरं पहिल्या सात दिवसांत सापडली होती. आपल्याकडच्या उंच इमारतींत तर शोध आडवा कमी आणि उभा जास्त करावा लागतो. जिन्याने प्रत्येक मजला, मग वर गच्चीची दारं, पाण्याच्या टाकीखालची जागा, लिफ्टच्या मशीनरूमचा जिना. खाली मीटरची खोली, पंपाची खोली, डक्टचा तळ, पार्किंगमधल्या तुळया, झाकण टाकून ठेवलेल्या जुन्या दुचाकी, चारचाकीचं बॉनेट. सकाळी गाड्या बाहेर पडण्याआधी वॉचमनला सांगून प्रत्येकाला बॉनेटवर दोन थापा मारायला लावा. बंद फ्लॅट कोणते, दिवाळीला कोण कुलूप लावून गेलं आणि जाताना त्यांचं दार किती वेळ उघडं होतं, हेही विचारा. शेजारच्या घरात शिरून कुलपात अडकलेलं मांजर हा दिवाळीत अगदी नेहमीचा प्रकार आहे.

मांजर हाकेला ओ देत नाही म्हणजे ते तिथे नाही, असं समजू नका. भेदरलेलं मांजर खुद्द पालकाच्या हाकेलाही गप्प राहतं. आवाज केला तर आपण सापडू, ही त्याची उपजत भीती असते. म्हणून दिवसा पाच माणसांनी नावाने ओरडत फिरण्यापेक्षा रात्री एक ते चारच्या दरम्यान दोनच माणसांनी जाणं उपयोगी. टॉर्च डोळ्यांच्या रेषेत, कपाळाजवळ धरा आणि हळूहळू फिरवा. मांजराच्या डोळ्यांत उजेड परावर्तित होऊन हिरवट-पिवळे ठिपके चमकतात. एकाच जागी दहा मिनिटं बसा. मग रोजच्या खाण्याच्या डब्याचा आवाज करा, पालकाने पाठवलेलं रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात लावा. ज्या स्वरात ते घरी जेवायला बोलावतात त्याच स्वरातलं रेकॉर्डिंग मागून घ्या, रडवेल्या आवाजातलं नको. दिसलं तर झडप घालू नका. खाली बसा, बाजूला बघा, खाणं थोडं पुढे सरकवा. हातातून दुसऱ्यांदा निसटलेलं मांजर पुढच्या दोन-तीन रात्री हलत नाही.

पिंजरा लावायचा असेल तर मागच्या बाजूच्या पायदळीवर, म्हणजे तळाच्या हलत्या पट्टीवर, पाय पडताच दार पडतं तो, साधारण हातभर रुंद आणि दोन हात लांब असलेला घ्या. प्राणीमित्र संस्था आणि भटक्या मांजरांचं निर्बीजीकरण करणारे कार्यकर्ते तो बऱ्याचदा उसना देतात. तळाला वर्तमानपत्र, वरून जुनी चादर, आत पायदळीच्या पलीकडे वासाचं खाणं : भाजलेला बांगडा, सुके बोंबील, तेलातली तारली. मुंगळे चढू नयेत म्हणून वाटीखाली पाण्याची बशी ठेवा. पिंजरा लावून घरी झोपायला जाऊ नका. दर तासा-अर्ध्या तासाने कुणीतरी बघायलाच हवं, कारण भटकं मांजर अडकलं तर ते घाबरून स्वतःला इजा करून घेतं आणि तोपर्यंत तुमचं मांजर आल्या पावली परत जातं. लिटर ट्रे (मांजराच्या शी-शूचा) बाहेर ठेवण्याचा सल्ला सगळीकडे फिरतो. आम्ही तो देत नाही. परिसरातले बोके त्या वासावर येतात आणि लपलेलं मांजर आणखी आत सरकतं. त्याऐवजी पालकांच्या घरातली न धुतलेली उशीची खोळ ठेवा.

कुत्र्याचा शोध याच्या बरोबर उलट चालतो. कुत्रं हलत राहतं, म्हणून नकाशा आणि माणसं लागतात. तीन ठिकाणी तीन माणसं ताबडतोब उभी करा : जिथून सुटलं तिथे, तुमच्या घराशी आणि पालकाच्या घराशी. शेवटचं बहुतेक जण विसरतात. चार-पाच किलोमीटरवर त्याचं स्वतःचं घर असेल तर ते तिकडे निघण्याची शक्यता असते. तुमचं घर त्याला दोन दिवसांपुरतंच माहीत असतं, तिथे परत यायचं त्याच्या डोक्यात येईलच असं नाही.

दिसल्यावर पाठलाग करू नका. धावणाऱ्या माणसापासून कुत्रं लांबच पळणार, आणि हायवेकडे पळालं तर संपलं. त्याच कारणाने रस्त्याच्या पलीकडे कुत्रं उभं असेल तर त्याला हाक मारू नका. ते सरळ तुमच्याकडे येईल, आणि मध्ये रहदारी आहे. आधी तुम्ही रस्ता ओलांडा, मागून वळसा घाला. जवळ गेल्यावर पाठ किंवा खांदा त्याच्याकडे करून जमिनीवर बसा. नजर भिडवू नका. चिकनचे तुकडे स्वतःभोवती टाका आणि जणू तुम्हीच ते खाताय असा मचमच आवाज करा. पाच-सहा माणसांनी घेराव घालणं, गाडीवरून मागे लागणं, चादर फेकणं हे सारं टाळा. पालक पोहोचेपर्यंत तुमचं काम फक्त नजर ठेवण्याचं आहे. काही दिवस बाहेर राहिलेलं कुत्रं स्वतःच्या पालकालाही चटकन ओळखत नाही. वास येईपर्यंत ते गुरगुरू शकतं. याने पालकांचं काळीज तुटतं. त्यांना आधी सांगून ठेवा.

माहिती देणारी माणसं कोण? पहाटे रस्त्यावर असणारी. महापालिकेचे झाडूवाले, घंटागाडीवरचे कामगार, दूधवाले, पेपर टाकणारी मुलं, रिक्षास्टँड, चहाची टपरी, रात्री बांधकामावर राखण करणारे. आणि भटक्या कुत्र्यांना रोज खाऊ घालणारी मंडळी. त्यांना गल्लीतलं प्रत्येक कुत्रं ठाऊक असतं, त्यामुळे नवखं कुत्रं कोणत्या टोळीने कुठपर्यंत हाकलत नेलं हे तेच सांगू शकतात. सोशल मीडियावर फोटो जरूर टाका, पण त्या पोस्टवर हजार जणांनी हळहळ व्यक्त केली तरी आपल्याला लागणारी बातमी बहुधा टपरीवरूनच येते.

सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग अनेक ठिकाणी आठवडाभरातच पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं, कुठे पंधरा दिवस टिकतं, कुठे महिना. म्हणून त्याच दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि कोपऱ्यावरच्या दुकानदारांना भेटा. एक बारीकशी गोष्ट शोधाचा अर्धा दिवस खाते : डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ चुकलेलं असतं. आधी पडद्यावरची वेळ आणि हातातल्या मोबाइलची वेळ ताडून बघा, फरक कागदावर लिहा, मगच रेकॉर्डिंग मागे न्या. नाहीतर 6.40 चं दृश्य तुम्ही 6.40 ला शोधाल आणि ते डीव्हीआरमध्ये 7.05 ला असेल.

पोस्टर ए-थ्री आकाराचं, चालत्या दुचाकीवरून वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात. वर ‘हरवलं आहे’, मध्ये एकच मोठा रंगीत फोटो, खाली जागा, तारीख, दोन मोबाइल नंबर आणि ठळक ओळ : ‘पकडायला जाऊ नका, फोटो काढा आणि फोन करा’. मराठी आणि हिंदी दोन्हीत. बक्षीस आहे एवढंच लिहा, रक्कम नको. जास्त रकमेसाठी लोक कुत्र्यामागे धावतात. अंगावरची एक खूण पोस्टरवर मुद्दाम लिहू नका, पोटावरचा पांढरा डाग म्हणा किंवा तुटलेला सुळा. “सापडलं आहे, आधी युपीआयने पाच हजार पाठवा” असे फोन पहिल्या दोन दिवसांत येतातच. त्यांना ती खूण विचारा किंवा व्हिडिओ कॉल मागा. बहुतेक वेळा फोन तिथेच बंद होतो.

‘दिसलं होतं’ म्हणून फोन आला की चार प्रश्न : नेमकं कुठे, किती वाजता, चालत होतं की बसलं होतं, तोंड कुठल्या दिशेला. प्रत्येक उत्तर एकाच नकाशावर टाका. दोन-तीन दिवसांत त्यातून त्याचा रोजचा फेरा दिसू लागतो, आणि मग खाणं ठेवायची जागा आणि वेळ पक्की करता येते. तिथे जुना मोबाइल कॅमेरा म्हणून लावला तरी चालतो.

सरकारी बाजू थोडक्यात. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. कुणी उचलून नेल्याचा संशय असेल तर तसं स्पष्ट लिहा. महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला आणि कुत्री नेली जातात त्या निर्बीजीकरण केंद्राला फोटो द्या, आणि दर दोन दिवसांनी प्रत्यक्ष जाऊन पिंजरे बघा. फोनवर ‘तसलं काही नाही’ हे उत्तर पुरेसं मानू नका. पट्टा गळून पडलेलं देशी कुत्रं तिथल्या माणसाला भटकंच वाटणार. यात आता घाईचं आणखी एक कारण आहे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार उचललेलं कुत्रं शस्त्रक्रियेनंतर मूळ जागी सोडलं जातं, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशात शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं अशा ठिकाणांहून उचललेली कुत्री पुन्हा तिथे न सोडता निवाऱ्यात ठेवण्याचे निर्देश आहेत. तुमच्या ताब्यातलं कुत्रं यांपैकी एखाद्या आवारात शिरलं तर ते आपणहून परत दिसण्याची वाट बघत बसू नका.

मायक्रोचिपबद्दल एक गैरसमज अजून टिकून आहे. ती चिप म्हणजे जीपीएस नव्हे. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या चिपमध्ये 15 अंकी क्रमांक असतो आणि तो स्कॅनर अंगाजवळ नेला तरच कळतो. कुत्रं कुठे आहे हे ती सांगत नाही, सापडलेलं कुत्रं कुणाचं हे सांगते, तेही पालकाचा नंबर नोंदीत अद्ययावत असेल तर. गळ्यातल्या ब्लूटूथ टॅगलाही मर्यादा आहे : जवळून जाणाऱ्या दुसऱ्यांच्या फोनवर तो अवलंबून असतो. गजबजलेल्या रस्त्यावर उपयोगी पडतो, टेकडीवर किंवा माळावर गप्प होतो. सिमकार्ड असलेला जीपीएस ट्रॅकर जास्त भरवशाचा, पण दर काही दिवसांनी चार्ज करावा लागतो, आणि सुट्टीच्या आठवड्यात तो चार्ज करणं तुमच्या कामांच्या यादीत हवं.

आता माणसांविषयी. शोध पहिल्या रात्रीत संपला नाही तर पुढचे दिवस फार कठीण जातात, आणि त्या दिवसांत तुम्ही आणि पालक एकमेकांचे शत्रू झालात तर शोधच बसतो. पालक चिडतील, बोलतील. ऐकून घ्या. “येईल हो आपोआप” किंवा “आमच्याकडे असं आजवर कधी झालं नव्हतं” ही दोन वाक्यं चुकूनही उच्चारू नका. त्यांना तुमच्याकडून बाजू मांडलेली नको असते, रोज सकाळी नऊ आणि रात्री नऊ वाजता काय केलं, काय राहिलं याचा हिशोब हवा असतो. काही घडलं नसलं तरी ‘आज काही कळलं नाही, रात्री अमुक भाग बघतोय’ असा फोन गेलाच पाहिजे. दूर असलेल्या माणसाला बातमी नसणं सर्वांत जास्त जाळतं.

पालकांनाही याच पत्रातून सांगतो : सिटरचं नाव-फोटो टाकून सोशल मीडियावर झोड उठवू नका, निदान शोध चालू असेपर्यंत तरी. शेवटची दहा मिनिटं डोळ्यांनी पाहिलेला तो एकटाच माणूस आहे. घाबरून त्याने फोन बंद केला तर ती दहा मिनिटं कायमची गेली. हिशोब, नुकसानभरपाई, तक्रार हे सगळं करता येतं आणि करायला हवं तेव्हा करा, पण जनावर सापडल्यावर किंवा शोध थांबल्यावर.

कामं वाटून घ्या. एकाने फक्त फोन घ्यायचे, एकाने नकाशा, दोघांनी रात्र, दोघांनी पहाट. पालकाने चोवीस तास स्वतः फिरणं धाडसाचं वाटतं, पण तिसऱ्या दिवशी नेमका कुत्रा समोर आल्यावर पालकाच्या अंगात, बसून वाट बघण्याचं त्राण उरलेलं नसतं. पाळीने झोपा, जेवा. बाईमाणसाने रात्री एकटीने निर्जन जागी शोधायला जाऊ नये, पुरुषानेही नाही. घरात लहान मूल असेल तर त्याला ‘गावाला गेलाय’ सांगू नका. हरवला आहे आणि आपण शोधतोय, हे त्याला पेलतं, शिवाय पोस्टर रंगवायला त्याचा हातही लागतो. तुमच्याकडे बाकीचे पाहुणे प्राणी असतील तर घरी एक जबाबदार माणूस राहिलाच पाहिजे. एकाच्या शोधात दुसरं निसटल्याचे प्रसंग घडतात.

आठवडा झाला, दोन झाले, तरी शोध बंद करू नका, फक्त त्याची लय बदला. दर रविवारी पावसाने, उन्हाने फिकी पडलेली पोस्टर बदला, दर बुधवारी पशुवैद्यांकडे आणि निर्बीजीकरण केंद्रात फेरी मारा. काही मांजरं आठ-दहा दिवसांनी, भूक भीतीपेक्षा मोठी झाल्यावर पहिल्यांदा ओरडतात. तोवर सगळे थकून घरी गेलेले असतात, आणि हाक ऐकायला कुणीच नसतं.

सापडल्यावर लगेच पोटभर खायला घालू नका. आधी पाणी, मग थोडं थोडं, आणि त्याच दिवशी पशुवैद्य. दोन-चार दिवस न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतावर चरबी साचून ते गंभीर आजारी पडू शकतं. वरून ठीक दिसलं तरी रक्ततपासणीविषयी विचारा. कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यात गोचिड्या बघा, जखमेत आसाडी (अळ्या) पडलेली नाही ना ते बघा. चावल्याची कोणतीही खूण असेल तर रेबीजची लस आधी घेतलेली असली तरी डॉक्टरांना सांगा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून फिरलं असेल तर लेप्टोचाही विषय काढा.

आणि हे सगळं टाळण्यासाठी जनावर ताब्यात घेतानाच काय करायचं? लसीकरणाचं पुस्तक आणि खाण्याची पिशवी तुम्ही घेताच. त्याबरोबर हेही लिहून घ्या : दोन्ही बाजूंचे आणि समोरून काढलेले ताजे फोटो, पोस्टरवर न टाकायची ती खूण, चिपचा क्रमांक, त्याच शहरातल्या आणि त्या प्राण्याला ओळखणाऱ्या माणसाचा नंबर, जेवायला बोलावण्याच्या हाकेचं रेकॉर्डिंग, आणि ‘याआधी कधी सुटलं होतं का, तेव्हा कुठे गेलं’ याचं उत्तर. हा शेवटचा प्रश्न फार कमी जण विचारतात. गळ्यात पालकाचा आणि तुमचा, दोघांचा नंबर असलेली पट्टी हवी. पालक परदेशात असतील तर त्यांचा भारतातला बंद नंबर गळ्यात असून काय उपयोग?

बाहेर नेताना दोन जोडण्या ठेवा : हार्नेसला एक लीश, आणि मागे ओढलं की आवळला जाणारा मार्टिंगेल पट्टा घालून त्याला दुसरी. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जातील इतकाच सैल. देशी कुत्र्यांची मान आणि डोकं जवळजवळ सारख्याच घेराचं असतं, म्हणून साध्या पट्ट्यातून ती क्षणात निसटतात. स्प्रिंगच्या हुकाऐवजी गिर्यारोहक वापरतात तशी स्क्रूची कडी लावा. पहिले तीन दिवस मोकळ्या मैदानात सोडणं अजिबात नको, कितीही ‘हाकेत आहे’ म्हणून सांगितलं असलं तरी. ते त्यांच्या हाकेत आहे, तुमच्या नाही. दाराशी लहान मुलांसाठी लावतात तसं अडसराचं फाटक लावा, म्हणजे कुरिअरला एक दार आणि जनावराला दुसरं राहतं. सरकत्या खिडकीची मच्छरजाळी मांजर पंजाने बाजूला करतं. ती जाळी म्हणजे अडसर नव्हे. मांजराला शक्यतो त्याच्याच घरी ठेवून तिथे जाणंच बरं.

दिवाळीचं वेगळं वेळापत्रक असू द्या. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिवाळीच्या फटाक्यांसाठी रात्री 8 ते 10 ही वेळ ठरवून दिली होती, पण नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानाच्या पहाटेच लडी सुरू होतात हे आपल्याला ठाऊक आहे. त्या दिवसांत पहाटेची फेरी बंद. दुपारी बारा ते चारमध्ये, दोन लीशवर, छोटी फेरी. संध्याकाळी सहाच्या आत सगळे प्राणी आतल्या खोलीत, दार कुलपात, पंखा आणि टीव्ही चालू.

कायद्याचं एकच सांगतो. मोबदला घेऊन दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणं हा 1872 च्या भारतीय करार कायद्यातला निक्षेप ठरतो, आणि कलम 151 नुसार साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी तुम्ही घेणं अपेक्षित आहे. आपल्याला जनावराला वस्तू म्हणवत नाही, पण कायद्यापुरतं हे लक्षात ठेवा. ‘हरवल्यास आम्ही जबाबदार नाही’ अशी ओळ पावतीवर छापून सगळं सुटत नाही, ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्यापेक्षा करारातच लिहा : निसटल्यास पंधरा मिनिटांत कळवू, शोधाचा पहिला खर्च, म्हणजे पोस्टर, पिंजरा, रात्रीची माणसं, अमुक रकमेपर्यंत आमचा, आणि शोध चालू असेपर्यंत रोज दोनदा माहिती देऊ. असं लिहून देणाऱ्या सिटरकडे पालक डोळे झाकून जनावर सोडतील.

वसुबारसेच्या आत एवढं करा. एका कागदावर पालकाचे दोन नंबर, जवळच्या रात्रभर उघड्या पशुवैद्याचा नंबर, पोलीस ठाण्याचा आणि महापालिकेच्या केंद्राचा नंबर लिहा. त्याखाली ‘मांजर नाहीसं झालं तर आधी दार बंद, मग घरात शोध, पंधरा मिनिटांच्या आत फोन, मग बाहेर’ आणि त्याखाली ‘कुत्रं बाहेर सुटलं तर तिथेच उभं राहून लगेच फोन’. तो कागद दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या उंचीवर चिकटवा. घाबरलेल्या माणसाला त्या क्षणी मोबाइलमध्ये काहीही सापडत नाही.

आपले,
हरवलेल्या पाळीव प्राण्यांच्या शोधात मदत करणारे काही स्वयंसेवक